रेवाचं शेवटचं वाक्य

५ ऑक्टोबर, रविवार

आज चिचगडचे मुन्नालालशेठ स्वतः देवरीला आमच्या घरी आले. त्यांचं किराणा दुकान आहे आणि गावच्या नाट्यमंडळाचे ते कायमचे अध्यक्ष. दिवाळीनंतरच्या मंडईला, म्हणजे गावच्या जत्रेला, त्यांच्याकडे नाटक असतंच, त्याशिवाय पाहुण्यांना मंडई झाल्यासारखी वाटत नाही. पण या वर्षी त्यांना माझी कादंबरी रंगमंचावर आणायची आहे. माझी! ‘शब्दशिधा’ छापल्याला तीन वर्षं झाली. निम्म्या प्रती अजून आमच्या यांच्या कृषी केंद्रात खताच्या पोत्यांमागे पडून आहेत.

“मॅडम, मेरे भतीजे ने पढी आपकी किताब. बोला, चाचा, इसमें दम है. फक्त एक कॉमेडीवाला टाका, अन् दोन गाणे.”

मी म्हटलं, “शेठ, ही डिस्टोपियन कादंबरी आहे. म्हणजे उद्याच्या वाईट जगाची.”

“हां, तो? वाईट जगात लोक गाणे नाही म्हणत का?”

हा प्रश्न इथेच नोंदवून ठेवते.

माझं सुमतीनगर हे असं शहर आहे, जिथे शब्द रेशनवर मिळतात. रोज सकाळी शब्दघर या सरकारी खात्याच्या मनोऱ्यावरच्या भोंग्यातून ज्याचं त्याचं त्या दिवसाचं बोलणं सांगितलं जातं. तेवढंच बोलायचं. नायिका रेवा स्वतःची वाक्यं शोधू पाहते आणि शेवटी हरते. आशयसूत्र एकच : ज्याच्या तोंडी दुसऱ्याचे शब्द, त्याचं आयुष्यही दुसऱ्याचं. कादंबरीचं नाटक होताना काय काय घडतं यावर एक लेख लिहायचा विचार आहे, म्हणून आजपासून ही दैनंदिनी.

यांना सांगितलं तर दुकानाचं शटर लावता लावता “चांगलं झालं” म्हणाले. ते सगळ्यालाच चांगलं झालं म्हणतात. डिंपलने मात्र लगेच विचारलं, “आई, रेवाचं काम कोन करून राहिली?” मी म्हटलं, “‘कोण करतंय’ म्हण. वडस्याहून नाटक कंपनीतली बाई येईल.” मग ती आत गेली. कादंबरी तिनेच टाइप केली होती, त्यामुळे तिला उत्सुकता असणार. एरवी माझी लेक मुळातच कमी बोलते, लहानपणापासूनच.

८ ऑक्टोबर, बुधवार

नाटकाचा पहिला अंक लिहून झाला. कॉलेजचे तास, पेपर तपासणं आणि हे. मान धरली आहे.

संध्याकाळी मंडळाचे प्रॉम्प्टर शालीकराम आले. आपल्या झाडीपट्टीतली ही रीत मला माहीत होती, पण तिच्याशी असा संबंध कधी आला नव्हता. इकडे नट पाठांतर करतच नाहीत. मंचापुढच्या खड्ड्यात, ऑर्गन-तबल्याच्या शेजारी प्रॉम्प्टर बसतो, तो एकेक वाक्य खालून सांगतो आणि वर नट ते म्हणतो. मी म्हटलं, “माझ्या नाटकात पाठांतर हवंच.”

“कायले, म्याडम?” शालीकराम म्हणाले. “पाठ केलं का मानूस घाबरते. मी खाली आहो ना. मी सांगतो, ते बोलते. झालं नाटक.”

ते गेल्यावर एकदम लख्ख झालं. अरे, हेच तर माझं सुमतीनगर! शब्द पुरवणारा कुणीतरी आहे, तो दिसत नाही, आणि वर सगळे आपलंच बोलल्याच्या ऐटीत वावरतात. काय उपरोध आहे! लेखात हे पहिल्याच परिच्छेदात घालायचं. आपल्या डोळ्यांसमोर असतं आणि दिसत नाही, असं हे.

रात्री डिंपलला बी.एड.च्या फॉर्मवर सही करायला लावली. फॉर्म मीच भरला होता. तिच्याकडे ठेवला असता तर तारीख निघून गेली असती.

१२ ऑक्टोबर, रविवार

मोठा दिवस. बालाघाटचे पाहुणे येऊन गेले. मुलगा हेमेंद्र, रायपूरला कंपनीत आहे, बोलायला सौम्य. वडील नाहीत. आई शामकलाबाई करारी वाटल्या. त्यांचं माहेर चिचगडच, त्यामुळे मंडईला त्या येणारच आहेत.

डिंपलला मी आकाशी साडी दिली होती आणि कुणी काय विचारलं तर काय सांगायचं हे काल दोनदा घोकून घेतलं होतं. सगळं छान चाललं होतं. मग शामकलाबाईंनी तिच्याकडे वळून विचारलं, “का आवडते वं बाई तुले?”

मी म्हटलं, “तिला वाचन फार आवडतं.”

“मी पोरीले विचारून राहिली,” असं म्हणून त्या हसल्या. मीही हसले. डिंपल म्हणाली, “वाचन.” उत्तम झालं.

हेमेंद्रने तिला पुढे काय करायचं आहे असं विचारलं. ती जरा अडखळली, म्हणून मी बी.एड.चं सांगितलं. त्यांना पसंत आहे हे चेहऱ्यांवरून दिसतंच होतं. जाताना शामकलाबाई म्हणाल्या, “आमच्याकडून हो समजा. मंडईले भेटू, तवा तुमचं सांगा. पन पोरीच्या तोंडून ऐकू द्या.”

जेवताना हे म्हणाले, “तिला एकदा विचारायचं का?”

“विचारलं की. हो म्हणाली.”

“तू काय विचारलंस?”

“‘तुला काही अडचण नाही ना’ असं विचारलं.”

यांनी ताटात वरण वाढून घेतलं. या घरात सगळे शब्द मलाच काढावे लागतात. मी नसते तर हे दोघं बाप-लेक आठ आठ दिवस मुके राहिले असते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

वडस्याची बाई ऐन वेळी दुसऱ्या कंपनीला लागली. मुन्नालालशेठ फोनवर रडकुंडीला आले. त्यांना समजावते तोच फोनवर त्यांच्या मागून खुशाल बोलला. खुशाल टेंभुर्णे हा चिचगडचाच, ट्रॅक्टर चालवतो, आणि नाटकात शब्दघराच्या साहेबाचं काम करतो आहे. “म्याडम, तुमची डिंपल काऊन नाही करत? परवा तालमीले आलती तवा सारे डायलॉग तिच्या तोंडी होते.”

मी सरळ नाही म्हणणार होते. मुलीची बोलणी चालू आहेत आणि ती मंडईच्या मंचावर! पण मग विचार केला : आईचंच नाटक, एकच प्रयोग, आणि बाहेरची बाई रेवाला लावणीच नाचायला लावेल. शिवाय शामकलाबाईंनी पाहिलं तर पोरीला वळण आहे, धीट आहे, हेच दिसेल. डिंपलला सांगितलं की एकदाच, पुन्हा नाव काढायचं नाही. ती इतकी मोठ्याने हसली की हे दुकानातून आत आले.

१९ ऑक्टोबर, रविवार

चिचगडला तालीम. एसटीने जाईपर्यंत दोन्ही बाजूंना धानाची कापणी चालू दिसली. तालीम समाजमंदिरात, आणि दाराशी निम्मं गाव.

लिहिणं अवघड जातंय, पण लिहिते : माझी मुलगी उत्तम काम करते. तिला खालून सांगावं लागत नाही. तिचा आवाज शेवटच्या भिंतीपर्यंत पोहोचतो. हा आवाज घरात कधी ऐकला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि मी पोपटाची चौकशी करायच्या निमित्ताने बाहेर गेले.

पोपटाचं असं की कादंबरीत तो माझं मुख्य प्रतीक आहे. सुमतीनगरात पोपटांवर बंदी आहे, कारण ते जुनी वाक्यं विसरत नाहीत. मुन्नालालशेठना खरा पोपट आणायचा होता. खुशालने आठवण करून दिली की वनखात्याचे साहेब पहिल्या रांगेत बसतात. आता थर्माकोलचा होणार.

खरा वाद झाला शेवटावर. शेवटच्या प्रवेशात रेवाला मनोऱ्याखाली आणून उभं करतात. भोंगा तिला तिचं वाक्य देतो, ‘माझं सगळं ठीक आहे’, आणि ती ते म्हणते. पडदा. डिंपल म्हणाली, “आई, ती काहीच नाही बोलली तर?”

“मग ती हरली हे प्रेक्षकाला कसं कळेल?”

“हरलीच पाहिजे का?”

मी तिला नीट समजावलं. अशा कादंबरीचा शेवट गोड करायचा नसतो. व्यवस्था जिंकते आणि वाचक अस्वस्थ होऊन घरी जातो, तीच तिची ताकद. रेवा हे वाक्य म्हणते तेव्हा तिचं काहीच ठीक नसतं, आणि हे सगळ्यांना कळतं. यालाच उपरोध म्हणतात.

“पन सगळ्यांना कळलं तर कोनी काही करत काऊन नाही?” ती म्हणाली.

“‘पण’ म्हण. आणि वाक्य जसं लिहिलंय तसं म्हणायचं.”

“बरं,” ती म्हणाली. गुणी आहे पोर.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज

भाऊ येऊन गेला. ओवाळणं झालं, अनारसे जरा कडक झाले.

एक गंमत लिहायची राहिली. परवाच्या तालमीला वडस्याच्या एका नाटक कंपनीचे दिग्दर्शक येऊन बसले होते. त्यांनी डिंपलला विचारलं म्हणे, हा सीझन आमच्याकडे काम करशील का? फाल्गुनापर्यंत गावोगाव, आज इकडे, उद्या तिकडे. मला खुशालकडून कळलं. मी त्यांना लगेच फोन करून तिच्या वतीने नम्रपणे नाही म्हणून सांगितलं. त्यांनी विचारलं, तिचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, तेच. डिंपलला हे सांगितलं तेव्हा ती दिवे पुसत होती. पुसतच राहिली. तिला वाईट वाटलं असेल थोडं, पण लग्न ठरलं की ही हौस आपोआप मागे पडेल. मी काय तिचं वाईट चिंतते आहे का?

२७ ऑक्टोबर, सोमवार

चिचगड, मुन्नालालशेठच्या माडीवर बसून लिहिते आहे. खाली मंडई भरली आहे. बत्ताशे, बांगड्या, पाळणा, आणि घरोघरी पाहुणे. दुपारी दंडारीचं लोकनाट्य झालं. आपल्याकडे निम्म्या सोयरिकी या गर्दीतच जुळतात, माझीही अशीच जुळली होती. यांनी मला जिलबीच्या दुकानासमोर पाहिलं होतं. मला काही विचारलं गेल्याचं आठवत नाही, पण तेव्हा कुणालाच विचारत नसत.

शामकलाबाई आणि हेमेंद्र आले आहेत, नाटकाला बसणार आहेत. उत्तर उद्या द्यायचं ठरलं. डिंपलला सांगून ठेवलं आहे की “मला पसंत आहे” एवढंच म्हणायचं, लाजून.

आता संकट : शालीकरामांचा घसा बसला. काल दुसऱ्या गावच्या नाटकाला ओरडून आले. नुसती हवा येते आहे तोंडातून. मुन्नालालशेठ डोकं धरून बसले. डिंपलला गरज नाही, पण बाकी सगळ्यांना प्रत्येक वाक्य खालून लागतं. म्हणून खड्ड्यात मी बसणार आहे. माझंच नाटक, मला कुणाचं काय वाक्य आहे हे माहीत आहे. शालीकरामांनी खुणेनेच सांगितलं, आधी सांगू नका, नट थांबला की मग सांगा. मी म्हटलं, शिकवते मी, मला ठाऊक आहे.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

दुपारी उठले. काय झालं ते क्रमाने लिहिते, कारण अजून मलाच ते नीट कळलेलं नाही.

पहिले दोन अंक सुरेख झाले. कॉमेडीवाल्याला टाळ्या, गाण्याला वन्समोअर, थर्माकोलच्या पोपटालाही टाळ्या. मी खालून सांगत होते, वर सगळे बोलत होते, आणि खरं सांगते, असा आनंद मला वर्गात कधी मिळाला नाही. सबंध गाव माझ्या तोंडून बोलतंय असं वाटत होतं.

मग शेवटचा प्रवेश. रेवा मनोऱ्याखाली उभी. खुशालने दरडावून विचारलं, “सांग रेवा, तुझं काय म्हणणं आहे?” आणि डिंपल गप्प. मला वाटलं, विसरली. मी सांगितलं, “माझं सगळं ठीक आहे.” ती गप्प. मी जरा मोठ्याने सांगितलं. ती समोर बघत उभी. इतकी तयारी, आणि शेवटच्या वाक्याला! मी म्हटलं, “बोल, डिंपल! माझं सगळं ठीक आहे! बोल ना!”

ऑर्गनवाल्याचा माइक माझ्या तोंडाशीच चालू होता, हे मला ठाऊक नव्हतं. माझा आवाज चारही भोंग्यांतून मंडईभर गेला. बाहेरच्या पाळण्यावरच्या लोकांनीही ऐकला म्हणतात. सगळं शांत झालं. आणि माझ्या मुलीने खाली वाकून खड्ड्यात माझ्याकडे बघितलं आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “आई, थांब ना जराशी. मी इचार करून राहिली.”

मी थांबले. ती तशीच उभी राहिली. खुशालला वाक्य नव्हतं, कुणालाच वाक्य नव्हतं, कारण मी सांगत नव्हते. बायकांच्या बाजूने कुणीतरी हुंदका दिला. मग मुन्नालालशेठनी घाबरून पडदा पाडला आणि लोक उठून टाळ्या वाजवायला लागले.

२९ ऑक्टोबर, बुधवार

जो तो माझं कौतुक करतो आहे. मुन्नालालशेठ : “मॅडम, क्या आयडिया निकाली! खुद की आवाज भोंगे से!” आमच्या कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला, लेखिकेनेच शब्दघराचा आवाज व्हावं आणि स्वतःच्याच मुलीवर ओरडावं, हे तंत्र फार धाडसी आहे म्हणाले. मी “धन्यवाद” म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

डिंपलला विचारलं, “विसरली होतीस का?” ती म्हणाली, “नाही.” एवढंच. शामकलाबाईंनी निरोप पाठवला आहे की मंडईत बोलणं झालं नाही, रविवारी परतताना देवरीला घरीच येऊ. मला वाटलं होतं त्या रागावल्या असतील.

संध्याकाळी यांना म्हटलं, “लोकांना वाटतंय मी ते मुद्दाम केलं.”

हे हिशोबातून मान वर न करता म्हणाले, “मला तर नवीन काही वाटलं नाही. रोज ऐकतो तेच होतं. फक्त मोठ्याने होतं.”

लग्नाला पंचवीस वर्षं झाली, या माणसाने मला इतकं लागेल असं कधी काही म्हटलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच डबे पुसले. मग इथे बसून मागची पानं वाचली. बाराची वाचली. तेवीसची वाचली. लेख लिहायचा विचार तूर्त सोडला आहे.

२ नोव्हेंबर, रविवार

शामकलाबाई आणि हेमेंद्र सकाळी आले. मी काल रात्री डिंपलला काहीच सांगून ठेवलं नाही. साडीसुद्धा काढून दिली नाही. ती तिच्या हिरव्या कुर्त्यातच बाहेर आली.

शामकलाबाई म्हणाल्या, “झाला का वं बाई इचार करून?”

डिंपल गप्प बसली. मला तिची सगळी वाक्यं येत होती. ‘मला पसंत आहे.’ ‘आई-बाबा म्हणतील तसं.’ एक एक ओठापर्यंत येत होतं. मी पदराचं टोक तोंडात धरून बसले, लहान मुलीसारखी. यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली बघितलं.

मग ती बोलली. हेमेंद्रकडे बघून म्हणाली, “तुम्ही चांगले आहात. पन मले आता लग्न नाही करायचं. मले वडस्याच्या कंपनीत एक सीझन काम कराचं आहे. जमलं तर पुढेही. बी.एड. नाही करायचं.” थांबली. “अन् मले वाचन इतकं आवडत नाही. ते आईले आवडते.”

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. हेमेंद्रने मान डोलावली आणि म्हणाला, “खरं सांगितलं, बरं झालं.” शामकलाबाई कितीतरी वेळ तिच्याकडे बघत होत्या. नकार मिळालेल्या बाईसारख्या दिसत नव्हत्या. मग माझ्याकडे वळल्या. “अन् तुमचं का म्हननं आहे, म्याडम?”

माझं? मी यांच्याकडे बघितलं, डिंपलकडे बघितलं. कुणी काही सांगेना. आणि माझ्या तोंडात आपोआप वाक्य आलं, माझं सगळं ठीक आहे. मीच लिहिलेलं. सोयरीक मोडली होती, फॉर्म वाया गेला होता, पोर गावोगाव फिरणार होती, आणि मी ते म्हणणारच होते.

“थांबा जराशा,” मी म्हटलं. “मी विचार करून राहिली.”

डिंपलने मला सुधारलं नाही. उठून चहा टाकायला गेली.

संध्याकाळी तिने वडस्याच्या दिग्दर्शकांना स्वतः फोन केला. बुधवारी जायचं ठरलं. रात्रीच्या नाटकांना थंडी फार असते, तिला जाड स्वेटर ने म्हणून सांगणार होते. नाही. उद्या विचारेन, स्वेटर हवा का.